ह्यांच्याकरिता

अन्याय माझ्या आत्यावर झाला. होळीनंतरच्या पहिल्या मंगळवारी, दुपारी, शाळेतली मुलं जेवायला सुटायच्या आधी, चौकला जुन्या हायवेवरच्या एका ढाब्यात, सॉसच्या बाटलीशेजारी कागद ठेवून तिची सही घेण्यात आली. 'घेण्यात आली' असं लिहिलं आणि माझं मलाच खटकलं. इतकी पत्रकं लिहिली, वाटली, भिंतींवर चिकटवली, त्यातून एवढं कळलंय की ज्या वाक्यात करणारा दिसत नाही तिथं काहीतरी लपवलेलं असतं. तेव्हा नीट लिहिते. टेंपोला कर्ज देणाऱ्या एका फायनान्स कंपनीच्या वसुलीवाल्यानं ती सही घेतली. नावं मात्र मी इथं कुणाचीच लिहिणार नाही. नाव ही काय चीज आहे ते मला त्या वर्षी समजलं, आणि तेव्हापासून मी ती जरा जपून वापरते.

आत्याचं गाव चौक आणि खालापूरच्या मधे, डोंगराच्या पायथ्याला. आमच्याकडे आत्याच्या नवऱ्याला मामा म्हणतात. मामांचा टेंपो होता, रसायनीच्या कारखान्यांना माल पोचवायचे. आत्या गावातल्या बायकांच्या गटाची अध्यक्ष. गट शाळेतल्या मुलांचं जेवण शिजवतो. गट तिनंच उभा केला, दारोदार फिरून, सासवांच्या शिव्या खाऊन. गावात तिला कुणी अमक्याची बायको म्हणत नाही, 'खिचडीवाल्या बाई' म्हणतात, आणि तिला ते आवडतं.

होळीच्या जरा आधी टेंपोचा मागचा लोखंडी फाळका मामांच्या उजव्या हातावर पडला. पनवेलच्या दवाखान्यात हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये, बाहेर दिसणारी बोटं आल्याच्या गड्ड्यासारखी सुजलेली. हप्ते थांबले. कंपनीनं कळवलं, मुदत वाढवून देतो, एका कागदावर फक्त सही लागेल. वसुलीवाल्याला पनवेलपर्यंत जायचा कंटाळा. त्यानं आत्याला ढाब्यावर बोलावलं. तिनं मामांना फोन लावला, ते 'जा' म्हणाले, आणि चुलीवरची डाळ दुसऱ्या बाईच्या हवाली करून ती तशीच गेली.

"मामी, इथं त्यांच्या नावानं सही मारा," तो म्हणाला.

"त्यांच्या नावानं? ते मला नाय जमायचं."

"का? लिहिता येत नाही?"

"येतं की. पन ते नाव नाय."

त्याला हसू आलं. "बरं, मग तुमचं टाका. काय फरक पडतो? घर एकच ना तुमचं!"

काय फरक पडतो. हे तीन शब्द मी नंतर एका पत्रकाच्या मथळ्यावर मोठ्या टायपात छापले.

ज्यांना हे कळत नाही त्यांच्यासाठी सांगते. आत्या नवऱ्याचं नाव घेत नाही. हाक मारत नाही, उच्चारत नाही, लिहीतही नाही. लग्नातसुद्धा बायकांनी आग्रह केला तेव्हा नाचणीच्या भाकरीवर काहीतरी यमक जुळवून तिनं नुसतं आडनाव घुसवलं होतं. दवाखान्यात नर्सनं पेशंटचं नाव विचारलं तेव्हा तिनं पिशवीतून रेशनकार्ड काढून त्याच्यावर बोट ठेवलं. आणि तिची सही! मी लहानपणापासून ती सही पाहत आलेय. आधी 'सौ.', मग तिचं नाव, मग मोकळी जागा, मग आडनाव. मधे जिथं नवऱ्याचं नाव येतं तिथं एक शब्द मावेल एवढं कोरं. साक्षरतेच्या वर्गात बाईंनी सांगितलं, "मधलं नाव राहिलं." ती म्हणाली, "राहूंद्या. त्येंची जागा ठेवलीय ना."

माझा या प्रथेवर राग होता. कर्जतला आमची संघटना आहे, तरण्या पोरापोरींची. आम्ही 'नवऱ्याचं नाव घ्या, बायांनो' असं एक पत्रक काढलं होतं. मी त्याची एक प्रत आत्याच्या स्वयंपाकघरात, डब्यांच्या फळीवर चिकटवली. ती तशीच राहू दिली तिनं. तेलाचे शिंतोडे उडून ते पिवळं पडलं.

"घाबरतेस तू," मी म्हटलं होतं.

"घाबरते तर घाबरते. आई सांगायची, नाव घेतलं की आवुष्य कमी होतं."

"आणि तुला खरं वाटतं ते?"

"खरं का खोटं, मला काय म्हाईत? तू सांग, समज तुला कुनी बोललं, हा दिवा फुंकला तर लांब कुठंतरी एक मानूस मरंल. खरं नसंलही. फुंकशील?"

मी विषय बदलला.

आता कायदा. मला तो माहीत नव्हता. कर्जतच्या एका वकील ताईंनी तासभर बसवून शिकवला. ऐकता ऐकता माझे डोळे विस्फारले. माणूस मंत्रतंत्रावर हसतो आणि रोज ज्या कागदावर नाव टाकतो त्याच्यात काय ताकद असते याचा त्याला पत्ता नसतो.

आत्यानं मामांच्या जागी मामांचं नाव लिहिलं असतं, तर ती खोटी सही. नवऱ्यानं तोंडी हो म्हटलं होतं एवढंच सांगत कोर्टात बसावं लागलं असतं. तिनं स्वतःचं नाव लिहून त्याच्याआधी 'करिता' हा शब्द घातला असता, तर कंपनीनं विचारलं असतं, अधिकार कुणी दिला, मुखत्यारपत्र कुठाय? आणि ते नसतं तर ती तिथंही अडकू शकली असती. पण निदान हे तरी कागदावर दिसलं असतं की बाई दुसऱ्यासाठी उभी आहे. तिनं मात्र नुसतं स्वतःचं नाव लिहिलं. पुढं काही नाही, मागं काही नाही. अशा वेळी कागद एकच वाचतो: सही करणारीच देणेकरी. मनात काय होतं ते कागदाला दिसत नाही. वसुलीवाल्यानं मागाहून तिच्या नावाखालच्या चौकटीत 'सहकर्जदार' लिहून टाकलं आणि काम झालं.

"मग करायला काय हवं होतं?" मी विचारलं.

वकील ताई म्हणाल्या, "तुझ्या मामांचा डावा हात कुठं होता?"

डावा हात! डावा हात चांगला धडधाकट होता. अंगठा शाईत बुडवायचा, दोन साक्षीदार उभे करायचे, झालं. फक्त त्यासाठी कुणीतरी पनवेलला जायला हवं होतं. एका माणसाच्या बसप्रवासाचा कंटाळा आणि दुसऱ्या माणसाच्या गळ्यात फास. मी त्या दिवशी घरी येईपर्यंत रागानं स्वतःशीच बोलत होते.

त्या दिवसांत मी सरकारी कचेऱ्यांतले कागद वेगळ्याच नजरेनं बघू लागले. खालापूरला एका दाखल्यासाठी रांगेत उभी होते. साहेब दौऱ्यावर. कारकुनानं शिक्का मारला, साहेबांच्या हुद्द्याच्या डोक्यावर बारीकसं 'कृते' लिहिलं आणि खाली आपली सही ठोकली. कुणी 'कृते' लिहितं, कुणी 'करिता'. अर्थ तोच. पेन टेकवायचा अवकाश, तो माणूस त्या कागदापुरता बाजूला झाला. उद्या त्या दाखल्याचं काही झालं तर बोलावणं कचेरीला येणार, त्याच्या बायकोच्या बांगड्या विकायची वेळ येणार नाही. मी त्याच्या हाताकडे बघत राहिले. त्यानं विचारलंसुद्धा, "काय झालं ताई? चुकलं का काही?" मुंगीएवढा शब्द, आणि माणसाचं अख्खं घर त्याच्या आडोशाला उभं राहतं! रोज शंभर वेळा तो शब्द लिहिणाऱ्याला त्याचं काहीच वाटत नव्हतं, आणि ज्या बाईला तो हवा होता तिला कुणी सांगितलाच नव्हता.

मामांचा हात बरा झाला, पण वाकडा. स्टेअरिंग धरवेना. फायनान्स कंपनीनं टेंपो ओढून नेला, विकला, आणि उरलेल्या रकमेची नोटीस दोघांच्या नावे आली. आत्याला त्याचंही फार वाटलं नाही. "भरू," म्हणाली. खरा घाव बँकेत बसला. गटाच्या खात्याचं नूतनीकरण करायला ती गेली तर बँकेतला माणूस म्हणाला, "बाई, तुमचं नाव थकबाकीदारांत दिसतंय. अध्यक्ष बदला, नाहीतर खातं पुढं सरकणार नाही."

गटाच्या बायका ओसरीवर जमल्या. एकीनं टोमणा मारला, "दुसऱ्यांना हिशोब शिकवायला लय पुढं. आता?" दुसरी तिच्यावर खेकसली, "गप गं! तुला अंगठ्यावरनं सहीवर कुनी आनलं?" आत्या मधे बसून तांदूळ निवडत होती. वर न बघता बोलली, "माजं नाव धुवून मिळत आसंल तर बघते. नाय तर दुसरी अध्यक्ष करा. पोरांची डाळ थांबायला नको."

माजं नाव. त्या बाईनं उभ्या जन्मात एकाचं नाव तोंडात येऊ दिलं नव्हतं, आणि त्यापायी तिचं स्वतःचं नाव डागाळलं होतं.

वकील ताईंनी प्रकरण खालापूरच्या कोर्टात लोकअदालतीसमोर नेलं. लोकअदालत म्हणजे तडजोडीची जागा. तिथं तीन माणसांचं पॅनल दोन्ही बाजूंना बसवून बोलतं. त्या सकाळी व्हरांड्यात पाय ठेवायला जागा नव्हती. मामांचा चौकचा गॅरेजवाला दोस्तही आला होता. त्यानं आत्याला खांबाआड घेतलं.

"वैनी, सरळ बोला, सही माझी नाय. मधी नावच नाय त्या सहीत. कोन सिद्ध करनार? सुटाल."

"सही माझी हाय."

"अवो पन—"

"भाऊ, मी केली ती. पोरांना शिकवते का खोटं बोलू नका, आनि मी हितं यून बोलू?"

"मग भरा आता!" तो चिडून चहा प्यायला गेला.

आमचा पुकारा झाला. पॅनलवर मधे एक निवृत्त न्यायाधीश बाई होत्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. कंपनीच्या बाजूनं तोच वसुलीवाला, आता इस्त्रीचा शर्ट घालून. त्यानं कागद पुढं सरकवला.

"ही सही तुमची?" न्यायाधीश बाईंनी विचारलं.

"व्हय."

"कर्ज तुम्ही घेतलंत?"

"नाय. मी ह्यांच्याकरिता केली सही."

मी चमकून तिच्याकडे पाहिलं. 'करिता' हा शब्द मी तिला शिकवला नव्हता; वकील ताईंनीही नाही. आम्ही घरात कायद्याचं बोलत होतो तेव्हा तिनं तो भांडी घासता घासता उचलला असणार.

"ह्यांच्या म्हणजे कोणाच्या?"

"हे काय, शेजारी बसलेत."

मागच्या बाकावर खसखस पिकली. वसुलीवाला पुढं झुकला. "मॅडम, कंपनीच्या कागदावर 'हे' असं कसं लिहिणार? नाव नको का? मामी, लाजू नका, उखाणा घ्या मस्तपैकी!"

आता सगळी खोलीच हसली. मी उठायच्या बेतात होते. तोंडात जे शब्द आले होते ते छापण्यासारखे नव्हते. आत्यानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, जड, आणि मला खाली दाबलं.

मामा म्हणाले, "मॅडम, मी सांगतो ना. माझंच नाव हाय, मला पाठ हाय."

"तुमचं तुम्हाला पाठ असणारच हो," न्यायाधीश बाई म्हणाल्या. त्या हसत नव्हत्या. "पण सही त्यांनी केली. कुणाकरिता केली, ते त्यांच्या तोंडून यायला हवं. त्याशिवाय मी कंपनीला या बाईंचं नाव खोडा म्हणून कशाच्या जोरावर सांगू?" मग आत्याकडे वळून, हळू आवाजात, "बाई, मी पण घेत नव्हते बरं का. सावकाश घ्या. घाई नाही."

मामा आत्याकडे सरकले. "घे गं. मला काय होत नाय."

"तुमाला काय म्हाईत?" ती एकदम ओरडली. डोळे भरलेले. "फाळका पडला तवा काय सांगून पडला?"

मला तेव्हा कळलं, दिवा फुंकण्याची गोष्ट तिनं मला गंमत म्हणून सांगितली नव्हती. फाळक्याखालून हातावर निभावून वाचलेला माणूस तिच्या शेजारी बसला होता, आणि आम्ही सगळे शिकलेले लोक तिला म्हणत होतो, फुंक.

तिनं पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला. उठून उभी राहिली. आणि नाव घेतलं.

आधी मामांचं, मग त्यांच्या वडिलांचं, मग आडनाव. पुटपुटली नाही. खाचराच्या पल्याड उभ्या असलेल्या माणसाला हाक मारावी तशा आवाजात. ते नाव मी हजारदा ऐकलेलं. आमच्या घरात, लग्नपत्रिकांवर, टेंपोच्या पाठीवर रंगानं काढलेलं. अगदी साधं नाव. पंचक्रोशीत त्या नावाचे दहा जण निघतील. पण त्या खोलीत ते मी पहिल्यांदा ऐकतेय असं वाटलं. इतकी वर्षं कुणी हात न लावलेली वस्तू माळ्यावरून काढावी आणि ती अजून नवीकोरी असावी, तसं. पंख्याचा आवाज ऐकू येत होता. व्हरांड्यातली गर्दी दारात येऊन थांबली होती, का ते तिलाही माहीत नसावं.

आणि मामा उठून उभे राहिले. कुणी सांगितलं नव्हतं. शाळेत हजेरीला पोरगं उभं राहतं तसे, वाकडा हात अंगाशी धरून. तोंडावर असा भाव की कुणीतरी फार लांबून बोलावलंय आणि आता गेलंच पाहिजे. लग्नाला इतकी वर्षं झालेल्या माणसाला आपल्या बायकोच्या आवाजात आपलं नाव कसं ऐकू येतं ते त्या दिवशीच कळलं. त्या माणसाकडे मला फार वेळ बघवेना.

न्यायाधीश बाईंनी चष्मा काढून पुसला. मग मामांना विचारलं, "यांनी तुमच्याकरिता सही केली असं म्हणतात. तुम्हाला मान्य?"

"मान्य. तवा बोललो व्हतो तिला, जा म्हनून. सही माझ्याकरिता व्हती. देनं माझं. तिचं काय नाय त्यात."

वकील ताईंनी मला याचं महत्त्व आधीच सांगितलं होतं. ज्याच्यासाठी सही झाली त्यानं उघड मान्य केलं, तर सही जिथं जायला निघाली होती तिथं मागाहूनही पोचू शकते. पण कायद्यात वाचणं वेगळं. एक माणूस वाकडा हात घेऊन ताठ उभा राहतो आणि बायकोच्या मानेवरचं ओझं सगळ्यांदेखत स्वतःच्या मानेवर घेतो, हे बघणं वेगळं. 

न्यायाधीश बाई वसुलीवाल्याकडे वळल्या. "या बाईंचा फोटो, आधार, सहकर्जदार म्हणून अर्ज, यातलं काही तुमच्याकडे आहे?"

"मॅडम, ते... राहिलं."

"आणि 'सहकर्जदार' हे अक्षर कोणाचं?"

तो शर्टाची बाही नीट करू लागला. ज्याचं देणं तो स्वतः कबूल करतोय म्हटल्यावर कंपनीचंही काही बुडत नव्हतं. तडजोडनामा लिहिला गेला. आत्याचं नाव वगळायचं, बँकेला तसं पत्र द्यायचं, हप्ते मामा नव्यानं बांधून घेतील. शाईचा पॅड पुढं आला. मामांनी डावा अंगठा लावला. एवढंच तर करायचं होतं पहिल्यापासून.

बाहेर आल्यावर आम्ही स्टँडवर वडापाव खाल्ला. गॅरेजवाला दोस्त परत आला होता, मामांच्या पाठीत धपाटा घालून म्हणाला, "काय रं, नाव घेतलं म्हनं वैनींनी! आता भाव चढला का तुजा?" मामा नुसते हसले. आत्या मात्र त्यांच्याकडे बघत होती. चटणी तिखट लागून ते खोकले तर तिचा घास हातातच राहिला. पुढं बरेच दिवस ती तशीच होती. ते जिना चढले की पायऱ्यांकडे बघायची, झोपले की छातीकडे.

गट चालू आहे, अध्यक्ष तीच आहे. मी एकदा विचारलं, "एकदा घेतलंस ना? आता घरात का नाही घेत?"

"ते कामाला घेतलं गं," ती म्हणाली. "घरात काय काम त्येचं?"

आता तुमच्याशी बोलते. हे वाचणाऱ्या तुमच्याशी. आजवर तुमच्या जागी कुणी सही केली असेल. आईनं, भावानं, बायकोनं, दुकानातल्या पोरीनं. तुम्ही आजारी होतात, गावाला गेला होतात, नाहीतर कंटाळा केलात आणि म्हणालात, टाक गं तूच, काय फरक पडतो. तो कागद आठवा. आठवला नाही तर घरात विचारा. मग उद्याच्या उद्या ज्या बँकेत, सोसायटीत, कंपनीत तो पडलाय तिथं जा, आणि लेखी देऊन या: ही सही माझ्याकरिता होती, हिला मी सांगितलं होतं, जबाबदारी माझी. खाली स्वतःचं नाव पूर्ण लिहा आणि पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका.